फोनवरची मंजुरी

अहिल्यानगर,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. वैजनाथ दाजींस,
श्रीमंतचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. खोली बदलली, आता दवाखान्यामागच्या गल्लीत राहतो. डबा लावलाय. ताईने माझा फोन उचलून वर्ष झालं. तुम्ही मात्र दर रविवारी फोन करता. आठवड्यात माझ्याशी घरचं बोलणारं तेवढं एकच माणूस. बाकी दिवसभर दवाखान्यात माझ्या सरकारी योजनेच्या टेबलासमोर पेशंटची रांग असते, पण ती 'आरोग्यमित्र' या पाटीशी बोलते. हे पत्र वाचल्यावर तुमचाही फोन बंद होईल. तरी लिहितो.

परवा तुम्ही धापा टाकत म्हणालात, "नियमाला तू काय करशील बाबा? तुझा दोष न्हाई." मी डबा तसाच झाकून ठेवला.

गेल्या वर्षी त्या दिवशी छातीत कळ आली म्हणून ताईने तुम्हाला तिसगावहून आणलं. आधारवर वैजनाथ, रेशनकार्डावर बैजनाथ. मी म्हणालो, नाव दुरुस्त झाल्याशिवाय सरकारी योजनेत ऑपरेशन बसत नाही. ताई पाथर्डीला तहसील कचेरीत धावली. कागद मिळायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. तोवर हृदयाचा निम्मा जोर गेला. आता तुम्हाला शेतापर्यंतही चालवत नाही.

दाजी, नियम तसा नव्हता. तातडीच्या पेशंटला फोनवर मंजुरी मिळते, कागद मागाहून दिले तरी चालतात. मला ठाऊक होतं.

आदल्या आठवड्यात फोनवर मंजुरी घेतलेली माझी एक केस मागाहून कागदांवरून नामंजूर झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. त्यात तुम्ही माझे दाजी. नातेवाईक घुसवला म्हणतील, या भीतीने मी फोनला हातच लावला नाही. तुम्ही कॉटवरून माझ्याकडे बघत होता. मी कॉम्प्युटरकडे बघत राहिलो.

काल नेवाशाच्या दगडाबाई आल्या, कार्डाविना. मी फोन केला. पाऊण तासात मंजुरी आली. पाऊण तास, दाजी! त्या वाचल्या. त्यांची मुलगी माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिथून पळालो.

हे ताईला वाचून दाखवा. तिला माझा राग नेमका कशासाठी येतो, ते तिलाही सांगता येत नव्हतं. आता येईल.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा माझ्याकडे येऊ नका. शेजारच्या टेबलावर राजेश्वरी मॅडम बसतात, त्यांना सांगून ठेवलंय. त्या लगेच आत सोडतील.

तुम्हाला थांबवून ठेवणारा,
श्रीमंत