केशरची माय

प्रिय मोनू,

पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन पंधरा दिवसांपासून सूरजच्या खिशात असतो. रिचार्ज मारतो म्हणून नेला तो नेलाच. दोन वर्षं तुझं नाव न घेतलेला भाऊ आता तुझ्या आईचा फोन सांभाळून राह्यला, काय म्हणावं! आमच्या शाळेतल्या हसीनाबाई उद्या सकाळी त्यांच्या लेकीच्या, सबाच्या बाळंतपणाला नाशिकला निघाल्यात. त्यांच्याच हाती हे देते. त्या काही विचारणार नाहीत, तूही त्यांना विचारू नकोस.

इकडे रविवारची तयारी जोरात आहे. तुझे बाबा गेल्यापासून या घरात बद्रीनाथकाकांचाच शब्द, हे तुला माहीत आहे. तुझ्या लग्नाचं नाव निघालं की भरलं ताट सरकवून उठणारा माणूस आता दिवसातून दोनदा मला विचारतो, जावई मोटारसायकलवर येणार की गाडीनं, पाचोडवरून येणार की अंबडवरून. जावई म्हणतात हं, धम्मपाल नाही म्हणत. मी विचारलं, आवतण कुणाकुणाला द्यायचं? तर म्हणाले, कुणालाच नको वहिनी, घरच्या घरी. अगं, लेक-जावई पहिल्यांदा घरी येतात आणि शेजारणीलासुद्धा सांगायचं नाही? मोतीला सूरजनं त्याच्या दोस्ताच्या, मच्छिंद्रच्या शेतावर नेऊन बांधलं. पाहुण्यांवर भुंकतो म्हणे. तुला बघितलं की ते कुत्रं अंगणात लोळण घेतं, हे काय त्याला ठाऊक नाही?

तुला ती नववीची लांबलचक कविता आठवते का गं? कुंभाराची केशर, नदीवरच्या नावाड्याबरोबर पळून जाते. बाप निरोप धाडतो, झालं गेलं विसरलो, दोघं या. ती हिरव्या बांगड्या भरून माहेरी येते आणि नावाड्याला बापाची माणसं वाटेतच नदीकाठी गाठून मारतात. मंग पुढची चाळीस कडवी ती एकटी काठाकाठानं त्याला हाका मारत फिरते. तू पहिल्या बाकावर नाक ओढत बसायचीस आणि मी फळ्याकडे तोंड करून पदरानं डोळे पुसायची. सत्तावीस वर्षं शिकवली ती कविता. विरहाच्या कडव्यांचं रसग्रहण माझ्याइतकं कुणी करत नाही, असा तोरा होता मला.

एका वर्षी सुमेधा नावाची मुलगी मागच्या बाकावरून उठली. बाई, तवा केशरची माय काय करून राह्यलती? सगळा वर्ग हसला. मी पुस्तक चाळलं. कवीनं तिच्या वाट्याला एकच ओळ दिलीय. आत पुरण शिजत होतं, एवढीच. तिला निरोप खोटा असल्याचं माहीत होतं की नव्हतं, काही नाही. मी म्हटलं, परीक्षेला येत न्हाई ते, बस खाली. पोरगी बसली. तिचा चेहरा मात्र या आठवड्यात सारखा डोळ्यांपुढे येतोय.

कारण परवा काकांनी मला सांगितलं, वहिनी, पुरणाचं बघा.

आता त्या फोनचं ऐक. मी तुला बोलावलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. सूरज एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला. काय बोलायचं ते आधीच ठरवून दिलेलं. त्यात माझं एकच वाक्य होतं, तुझ्यासाठी पुरणपोळ्या करते. लहानपणापासून पुरणाच्या वासानंही तुला मळमळतं. म्हटलं, माझी हुशार लेक ओळखेल. तू कसली ओळखतेस! दोन वर्षांनी आईनं बोलावलं म्हणून तू हुंदके देत राहिलीस आणि येते गं, येते म्हणालीस. सूरज माझ्याकडे बघून हसला. तो माझ्याच पोटचा आहे मोनू, त्याला मीच घास भरवलेत. त्या हसण्याची मला भीती वाटली.

येऊ नका. तू नको, धम्मपाल तर बिलकुल नको. काल शेतातल्या जुन्या विहिरीवरची मोटार आणि दोर दोघांनी काढून घरी आणलेत, आणि का, ते कुणी मला सांगत नाही. हे पत्र घेऊन तिथल्या पोलिसांकडे जा, घर बदला, नवा पत्ता मलाही कळवू नका. रविवारी मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुरण शिजवीन आणि ते दोघं रस्त्याकडे बघत बसतील. तुम्ही आला नाहीत की ते मला पुन्हा फोनवर बसवतील. मी रडेन, शपथा घालीन, आजारी आहे म्हणेन. एक अक्षर खरं मानू नकोस. आणि कधी सूरजनं कळवलं की आई गेली, शेवटचं तोंड बघायला ये, तर ते खरं असलं तरी येऊ नकोस.

फोनवरची नव्हे, या कागदावरची तुझीच,
आई