माझ्या संगणकावर चालतं

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.
आजपासून नवं पर्व! कझाकस्तानातल्या शिमकेंतच्या जनावरांच्या बाजाराची नोंदणी-प्रणाली माझ्या हाती आली. पंधरा तारखेच्या रविवारी सुरू झाली, की मी विभागप्रमुख. नाही झाली तर माझ्या हाताखालची प्रोग्रामर रौशन. होणारच, उगाच नोंद असावी म्हणून लिहिलं.
प्रणाली तीन ठिकाणी चालायला हवी: बाजार-कचेरीतला विंडोज संगणक, लिनक्स सर्व्हर आणि मेंढपाळांचे अँड्रॉइड फोन. टीमपुढे चाळीस मिनिटं बोललो. माणूस एक, न्याय एक, मग कोडही एकच! सगळे भारावले. रौशन सोडून. ती म्हणाली, आगा (वयानं मोठ्याला आम्ही असंच म्हणतो), भाषण झकास, पण रोज तिन्हीकडे चाचणी कोण करणार?

५ सप्टेंबर
स्वयंचलित चाचण्या लिहायला रौशनला आठवडा हवाय. नाकारला. अविश्वासावर जगात एकही क्रांती उभी राहिलेली नाही, मी वाचलंय. त्याऐवजी जाहीरनामा लिहिला. अकरा पानं. भिंतीवर लावला.
संकल्प: उद्यापासून कोड.

९ सप्टेंबर. दुपार.
चालली! माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखी चालली. इतर कुठेच उघडत नाही, पण तो इतरांचा दोष. रौशन म्हणते, तीन वर्षांत या लॅपटॉपवर काय काय टाकलंत त्याची यादी द्या. यादी कारकून ठेवतात.

१२ सप्टेंबर
बाजाराचे प्रमुख कुदाइबेर्गेन आजोबा पाहायला आले. वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या लॅपटॉपवर एक तांबडी घोडी नोंदवून दाखवली. आजोबा हरखले. तळहात वर करून दुआ दिली. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, रौशननंसुद्धा. ते गेल्यावर म्हणते, आता तरी दुरुस्त्या करू?
वडीलधाऱ्यांनी दुआ दिलेल्या कोडला हात लावायचा? लाज वाटली पाहिजे! कोड कुलूपबंद केला.

१४ सप्टेंबर, शनिवार
तिन्हीकडे चढवलं.
विंडोज: कोरा पडदा. शांत, सुंदर.
सर्व्हर: उघडत नाही.
फोन: प्रणाली उघडते, मग बंदच होत नाही. हे यशच म्हणायचं.
रौशननं तिन्ही दोष कागदावर लिहून घेतले. तिचं अक्षर फार उद्धट आहे.

१५ सप्टेंबर, रविवार. पहाटे ५.
बाजार. रांगेत दोनशे माणसं, त्याहून जास्त मेंढ्या. अडचण समजावून सांगू लागलो. आजोबांनी मध्येच तोडलं: चालत नाही म्हणजे? गुरुवारी माझ्या डोळ्यांदेखत चाललं की!
ते माझ्या संगणकावर, मी म्हणालो.
मग तोच इथे ठेव, आजोबा म्हणाले. मी दुआ त्यालाच दिलीय.
तो सुरू कसा करायचा हे मलाच ठाऊक. रौशन अगदी नम्रपणे म्हणाली, आजोबा, मग आगांनाही ठेवून घ्या. दोघं वेगवेगळे चालत नाहीत. मेंढपाळ हसले. मला वाटतं, मेंढ्याही.

२२ सप्टेंबर, रविवार
आजवर रोजनिशी लॅपटॉपवर होती, ही नोंद वहीत. लॅपटॉप बाजारातल्या टेबलाला साखळीनं बांधलाय, धूळ बसू नये म्हणून आजोबांनी वर लोकरीचा जाड नमदा घातलाय. रौशनच्या चाचण्या आठवडाभरात पूर्ण होतील. विभागप्रमुख म्हणून तिनं तसं कळवलंय. मग दुरुस्त्या, आणि त्या होईतो दर रविवारी मी इथे.
मानवजातीच्या एकतेवर रांगेपुढे चार शब्द बोलायला उभा राहिलो. पहिलाच मेंढपाळ म्हणाला, आगा, ते नंतर. आधी माझी मेंढी लिहा.
लिहिली.