बाळापूरचा बिनचूक निकाल

५ एप्रिल २००४
जयंती कमिटीच्या मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं. यंदा वक्तृत्व स्पर्धेचा निकाल माझ्या प्रोग्रॅमवर. तीन परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण. बेरीज आपोआप, क्रमांक आपोआप. दरवर्षी त्याच खाडाखोडी, तीच भांडणं. वीट आलाय. एवढा कॉम्प्युटर क्लास चालवतो मी, गावाला काही उपयोग नको?

८ एप्रिल
जावास्क्रिप्टमध्ये लिहिला. गुण कोडमध्येच टाकून पाहिले: ७, ८, ९. उत्तर २४. टेस्टिंग संपलं. सरिता म्हणाली, स्पर्धेत जसे गुण भरणार तसे भरून बघा ना एकदा. बायको शाळेत गणित शिकवत असली की घरात हा त्रास असतो.

११ एप्रिल
गुण भरायला स्क्रीनवर चौकटी केल्या. ६, ७, ७ टाकले. एकूण ६७७! शी. कोणीतरी घाणेरडी फ्लॉपी घालून मशीन नासवलंय.
प्रज्ञेशला पुण्याला फोन लावला. नांदेडला एका बाकावर होतो, आता कंपनीत आहे. म्हणे, चौकटीतून आलेला आकडा मशीनला आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. मजकुरात मजकूर मिळवला की नुसता चिकटतो. टाइपऑफ लावून प्रत्येक व्हॅल्यूचा टाइप तपास, एका ओळीचं काम आहे.
मला टाइप तपासायला सांगतो! पोरांना शिकवतो मी हे. पुण्याला गेलं की माणूस बिघडतो.
उपाय मीच काढला. 'एकूण' हा कॉलमच उडवला. लोकांना क्रमांकाशी मतलब. स्क्रीनही छान मोकळी दिसते.

१४ एप्रिल, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. कॉम्प्युटर विहारात पोचला. आज इतिहास घडणार.

१४ एप्रिल, संध्याकाळ
लिहायची इच्छा नाही.
जळबाभाऊंची करुणा, नववीतली, आईनं यंदा सही करायला कशी शिकली यावर बोलली. बाया रडल्या. मुख्य परीक्षक उत्तमराव सर, जुने हेडमास्तर, कुणाला आठच्या वर देत नाहीत, त्यांनी दहा दिले. बाकीच्यांनी दहा आणि नऊ. नंतर उत्तमराव सरांचा नातू उठला, दोन वाक्यं बोलला आणि गप्प. पाणी प्याला, पुन्हा गप्प. त्याला आजोबांचे नऊ. दुसऱ्यांचे तीन आणि दोन.
मी माइकवर निकाल वाचला. पहिला: नातू. वाचतच गेलो. शेवटून पहिली: करुणा.
 करुणाची आई सोजराबाई उठल्या. "काहून हो सर, इतकं वाईट बोललं का माझं लेकरू?"
मी म्हणालो, मशीन पक्षपात करत नाही. मागून कोणी ओरडलं, "मशीन न्हाई, आजोबा करून राहिला!" उत्तमराव सर नातवाचा हात धरून उठून गेले. करुणा तिथंच उभी.
काय हे वागणं. विज्ञानाची कदर शून्य.

१५ एप्रिल
उत्तमराव सर आले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "नातवाला नऊ दिले ते माझं चुकलं. पण त्या पोरीला मी धा दिले. तुझ्या मशीननं त्या धाचं काय केलं?" व्होल्टेजचा प्रॉब्लेम असावा म्हणालो. 

१६ एप्रिल
सरिता शाळेत गेल्यावर टाइपऑफ लावून पाहिलं. स्ट्रिंग. दुसरी चौकट, स्ट्रिंग. तिसरी, स्ट्रिंग. म्हणजे मजकूर. करुणाचे झाले १०१०९, नातवाचे ९३२. आणि तुलनासुद्धा मजकुराचीच, शब्दकोशात लावतात तशी. आधी पहिलं अक्षर. तिचं एक, त्याचं नऊ. दहा गुण मिळाले म्हणून पोरगी तळाला गेली.
किळस आली. भाषेची. असली भाषा बनवली कोणी? मजकुराचे आकडे करून घेतले. करुणा पहिली.

१७ एप्रिल
उत्तमराव सर आणि मी जळबाभाऊंच्या घरी. पहिल्या क्रमांकाची ढाल सोबत आलेल्या नातवानं स्वतः धरली होती. तांत्रिक कारणांवर मी छोटं भाषण तयार केलेलं. दुसऱ्याच वाक्याला सोजराबाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या सर. पोरगी त्या दिवसापासून बोलून न्हाई राहिली. तिला सांगा."
करुणा दारात होती. तू पहिली आहेस, म्हणालो. मग शेवटची कशी झाले, तिनं विचारलं. मी म्हणालो, मशीनला तुझे दहा आकडा वाटले नाहीत, अक्षरं वाटली.
 करुणा म्हणाली, "तुमी त्याला आधी इचारलं न्हाई का, तू हे काय समजून राहिला म्हणून?"
उत्तमराव सर खोकले.
नातवानं ढाल पुढे केली. तिनं घेतली, आईच्या हातात दिली. सोजराबाई पदरानं ती पुसतच राहिल्या. बराच वेळ.
निघताना मोठ्या मनानं म्हणालो, सुटीत कॉम्प्युटर शिक. करुणा म्हणाली, शिकायचंच आहे. बरं वाटलं.
जळबाभाऊ म्हणाले, "व्हय, नाव घातलं बी. कळमनुरीच्या क्लासात. तुमच्या मॅडमनंच सांगितलं, तिथं चांगलं शिकवतेत."
घरी आल्यापासून सरिताशी बोलणं बंद केलंय. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.