रडण्याचा प्रवेश

आई, काल निपाणीत माझा एकपात्री प्रयोग झाला. तुझ्यावरचाच, विड्या वळणाऱ्या बाईचा. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी रंगमंचावर मी तुझंच लुगडं नेसते. तू तो प्रयोग एकदाच पाहिलास, संकेश्वरच्या शाळेच्या हॉलमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी तू भाकरी थापते आहेस, मी चुलीपाशी कौतुकाची वाट बघत बसले आहे, आणि माझ्याकडं न बघताच तू म्हणतेस, "व्हय गं, मी एवढं रडलो कवा?"

मुकादम चांगल्या विड्या खराब म्हणून बाजूला टाकतो आणि ती बाई कोपऱ्यात जाऊन रडते, तो माझा लाडका प्रवेश. त्यातलं काव्यही मला फार थोर वाटायचं. तू म्हणालीस, "त्या दिशी मी त्येच्या म्होरं विड्यांचं सूप आपटलं हुतं. समद्या बाया उठल्या हुत्या. त्ये का न्हाय घातलंस?" मी शहाणपणानं सांगितलं, "लोकांना पटणार नाही, आई." बाई रडली की टाळ्या पडतात, एवढं मला चार प्रयोगांत कळलं होतं. "मग लोकांचंच नाटक कर की. त्यात मी कशाला?" तू भाकरी उलटलीस आणि पुन्हा कधी प्रयोगाला आली नाहीस. मीही बोलावलं नाही. त्या ताठ्याची आज लाज वाटते.

काल पुढच्या रांगांत विड्या वळणाऱ्या बायकाच होत्या. त्यांच्यापुढं रडायचा धीर होईना, म्हणून सूप आपटलं. बायकांनी हॉल डोक्यावर घेतला. एक म्हातारी उठून ओरडली, "आनि एक घाल त्येला!" तुझंच खरं होतं. मग बायका चहा पिऊन आपापल्या घरी गेल्या आणि मी सामान आवरत एकटीच राहिले. एवढी शाबासकी मिळूनही जीव रमेना.

परवा बेळगावात प्रयोग आहे. तिथं मी पुन्हा रडणार आहे. टाळ्यांसाठी नव्हे. पिरनवाडीच्या घरी मी एकटीच असते, आणि तिथं मला रडू येत नाही. अनोळखी माणसांपुढं तेवढं येतं. हे पत्र कुठंच धाडायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते: तू गेल्यापासून त्या प्रवेशात तू नाहीसच, आई. तुझं नाव सांगून मी माझंच रडते.