ताईला तक्ता पाठ आहे

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे सध्या आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली दोन टेकली असं समजून घ्यावं.) तुमचा रक्तदाब, वहिनींची कंबर आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूशी तुमचं चाललेलं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं ठीक. हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं म्हणून लिहिलं आहे, त्यावर विसंबू नये.

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांची अक्षरं सुधारलेली बाई, आता दाराला टांगलेल्या माझ्या शर्टाला सकाळी ‘उठलास का रे’ म्हणून विचारते, आणि उत्तर आलं नाही की दिवसभर माझ्याशी अबोला धरते. खासगी दवाखान्याची आमची ऐपत नाही, म्हणून सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात नाव घातलं. तिथली यादी आठ महिन्यांची. अर्थात आठ महिने त्यांना, ज्यांच्यामागे कोणी नाही. ज्यांच्या खिशात कोणा मोठ्या माणसाची चिठ्ठी असते ते सोमवारी येतात आणि बुधवारी डोळ्याला पट्टी बांधून घरी जातात. मी पाणीपट्टीच्या कचेरीत सव्वीस वर्षं लोकांना रांगेत उभं केलेला माणूस, स्वतः उभं राहायची सवय नव्हती. संतापून चार पानी तक्रार लिहिली. तिचा परिणाम असा झाला की रुग्णालयाने मला ‘सर्वांना समान आरोग्यसेवा’ या समितीवर रुग्णांचा प्रतिनिधी म्हणून नेमलं. (तक्रारदाराला गप्प करण्याचा याहून स्वस्त उपाय अजून निघालेला नाही. बैठकीतला चहासुद्धा आपापला न्यायचा असतो.)

पण मी गप्प बसलो नाही, आणि इथेच सगळं बिघडलं. मी दोन ठराव मांडले. पहिला, जो चिठ्ठी आणील त्याचं नाव यादीच्या तळाशी जाईल. दुसरा, ज्याला सगळ्यांत कमी दिसतं त्याची शस्त्रक्रिया आधी, मग तो कोणाचा कोण का असेना. आणि कोणाला किती दिसतं हे ठरवायला सगळ्यांची नजर नव्याने तपासायची. दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. मसुद्याची भाषा फार सुबक आहे, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या दिवशी मी घरी रिक्षाने गेलो. ताईला म्हटलं, आता तुझा नंबर पहिल्या दहांत. ती म्हणाली, बघू.

फेरतपासणीच्या दिवशी मी तिला बाकावर बसवून बैठकीला गेलो. तपासणीच्या खोलीला दार आहे, पण ते लागत नाही, आणि पडदा धुवायला गेला होता. त्यामुळे आत जो जो माणूस भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायचा, ती बाहेरच्या सगळ्या बाकाला ऐकू यायची. कोणी दोन ओळी वाचून थांबायचा, कोणी पाच. ताई तिथे चार तास बसली. आता एकतीस वर्षं पाढे घोकून घेतलेल्या बाईला चार तास रिकामं बसवून समोर एकच धडा पन्नास वेळा म्हणून दाखवला, तर काय होणार? तिला अख्खा तक्ता पाठ झाला. बरं, तेवढ्यावर भागलं असतं. पण दारातल्या स्टुलावर बसून तिने आत अडखळणाऱ्या एका शिंप्याला आणि त्याच्यामागून गेलेल्या पावाच्या भट्टीवरच्या कारागिराला हळूच पुढची अक्षरं सांगितली. (वर्गात असं कोणी केलं असतं तर तिने त्याला बाहेर काढलं असतं. मी विचारलं तर म्हणाली, फार घाबरले होते रे बिचारे.) मग तिची पाळी आली. तिने तक्ता उजव्या डोळ्याने वरून खाली म्हटला, डाव्या डोळ्याने वरून खाली म्हटला आणि कोणी न विचारता खालून वर म्हटला. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, आजी, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे हो. या कौतुकाने खूश होऊन ताई बाहेर निघाली ती थेट कपाटावर जाऊन आदळली.

यादी लागली. चारशे अकरा नावांत ताई चारशे अकरावी. चारशे दहावा शिंपी, चारशे नववा भट्टीवाला. शिंपी मला रस्त्यात गाठतो आणि अगदी नम्रपणे म्हणतो, “साहेब, तुमच्या ताईंनी मला पास केलं बरं का.” सुईत दोरा आता त्याची बायको ओवून देते.

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ताईच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, मोतीबिंदू तर मला इथून दिसतोय, फार पिकला तर काम अवघड होऊन बसेल; पण क्रम तक्त्यावरूनच लावायचा असा तुमचाच ठराव आहे. पुन्हा तपासा म्हटलं, तर तपासायला तक्ता तोच. मी ताईला हात जोडले. म्हटलं, या खेपेला दुसऱ्या ओळीवर थांब.

“येत असताना येत नाही म्हणू?”

“अगं, दिसत नाही एवढंच म्हण. ते खरंच आहे.”

“त्यांनी दिसतं का असं कुठे विचारलं? वाचा म्हणाले. मी वाचलं.”

दुसरा तक्ता रुग्णालयात आहे. तो भांडारातल्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांची बदली झाली, ते किल्ली घेऊन गेले. कुलूप तोडायला समितीची मंजुरी हवी, बैठकीला पाच सदस्य हवेत, आणि आम्ही चारच उरलो आहोत. पाचवे गृहस्थ मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यामुळे विश्रांती घेत आहेत. (त्यांचा नंबर कसा लागला हे विचारायला बैठकच भरत नाही.) दर सोमवारी आम्ही चौघं जातो, आपापला चहा पितो आणि उठतो.

परवा ताई खिडकीत शाळेचा जुना गटफोटो घेऊन बसली होती. एकेका पोरावर बोट ठेवून नावं सांगत होती. फोटो उलटा धरला होता. मी सरळ करून दिला नाही.

असो. वहिनींना नमस्कार सांगावा. मी समानतेच्या फार वाटेला गेलो, तुम्ही जाऊ नये.

तुमचा धाकटा

ता. क. नेत्रविभागाच्या प्रमुख बाई तुमच्या शेजारी लहानाच्या मोठ्या झाल्या आणि अजून तुम्हाला काका म्हणतात, असं ऐकलं. त्यांना एक फोन करावा. चिठ्ठी नको. ठरावात फक्त चिठ्ठीचा उल्लेख आहे, फोनबद्दल अक्षर नाही. मसुदा माझाच असल्यामुळे खात्रीने सांगतो.

ता. क. २. जमल्यास शिंप्याचं आणि भट्टीवाल्याचंही सांगावं. तिघांचं जड जात असेल तर फक्त ताईचं. (इथे बराच वेळ थांबलो, पण खोडत नाही.)

ता. क. ३. ताईला यातलं कळता कामा नये. वशिल्याने गेले असं समजलं तर ती टेबलावर झोपायची नाही. तुम्हाला वाटेल, फोन करायचा सोडून हा पत्र काय लिहीत बसला. पण हल्ली तिला पलीकडच्या खोलीतलं कुजबुजणंही ऐकू येतं. तुम्हीही उत्तर पत्रानेच द्यावं, आणि ते खुशाल घरच्या पत्त्यावर पाठवावं. हे सगळं मी तिच्या समोर, एकाच टेबलाशी बसून लिहितो आहे. मघाशी तिने विचारलं, काय लिहितोस एवढं? मी म्हटलं, समितीच्या बैठकीचा वृत्तांत. तर म्हणाली, अक्षर नीट काढ, लोकांना वाचता आलं पाहिजे.