चार पिना

४ फेब्रुवारी

रामप्रसादचा फोन आजही बंद. सुट्टीवर येऊन तीन दिवस झाले, साधं 'पोचलो' म्हणून कळवलं नाही त्यानं. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भरतीसाठी त्याला पळवलं मी. फौजेत आल्यावर पूल जोडायला शिकवलं मी. तुकडीत आम्हाला बीडची जोडी म्हणायचे. आणि येताना दोन दिवस गाडीत समोरच्या बर्थवर तोंड फिरवून झोपला! संभाजीनगरला उतरला तेव्हा मागं वळूनही बघितलं नाही.

त्याच्या पोटात काहीतरी हाय.

५ फेब्रुवारी

बंद.

६ फेब्रुवारी

बायकोनं, शिवांजलीनं, चहा देताना विचारलं, "रामप्रसादवर काहून चिडलाव तुमी?" तिच्यावर खेकसलो. ती आत गेली. तिला एवढंच माहीत हाय की वर डोंगरात पूल घसरला आणि आमच्या तुकडीतल्या म्हाळूचा पाय गेला.

इथं तरी नीट लिहितो. लोखंडी चौकटी पिनांनी जोडायच्या. प्रत्येक पिनेला क्लिप लावायची, म्हणजे पिन निसटत नाही. मग अख्खा पूल रोलरवरून नाल्यापलीकडं ढकलायचा. ढकलताना चार पिना निसटल्या, चौकट कलली. खाली म्हाळू होता. गुडघ्यापासून पाय काढावा लागला त्याचा. बावीस वर्षांचं पोरगं.

त्या चार पिनांना क्लिपाच नव्हत्या, असं निघालं. क्लिपा लावायचं काम रामप्रसादचं. तपासायचं माझं, हवालदार म्हणून.

मी तपासलं होतं.

८ फेब्रुवारी

पलटणीच्या कचेरीतल्या वीरेशचा फोन. पुढच्या आठवड्यात चौकशीत पक्की बयाणं घेणार. सहज म्हणून सांगितलं त्यानं — रामप्रसादनं साहेबांना दोनदा फोन केलाय.

म्हणजे माझ्यासाठी फोन बंद आणि साहेबांसाठी चालू. मला अडकवायला निघालाय. मग मीही गप्प बसणार नाही. दुपारी बयाण लिहायला बसलो. 'प्रत्येक पिन हात लावून पाहिली' एवढं लिहिलं आणि अडलो. शेवटच्या चार नाही पाहिल्या. बर्फ भुरभुरत होता, बोटं बधिर झालेली, अंधार पडायच्या आत पूल पलीकडं न्यायचा हुकूम. त्याला विचारलं, "झालं का?" तो म्हणाला, "हाव, उस्ताद."

त्याच्या शब्दावर विसंबलो, एवढीच माझी चूक. तसंच लिहिलं.

१० फेब्रुवारी

रामप्रसादच्या गावी, चकलांब्याला गेलतो. केज, बीड, गेवराई — तीन गाड्या बदलून. त्याची आई सुंदरबाई दारातच होती. बस म्हणाली, पाणी दिलं, पण नजर चुकवत होती. रामप्रसाद घरात माझं नाव काढू देत नाही म्हणे.

त्याला शेतात गाठलं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होता. मला बघून उभा राहिला, सवयीनं ताठ.

"साहेबाला काय सांगितलंस?"

"तुमी जावा, उस्ताद."

"माझं नाव घेतलंस का न्हाई?"

म्हणाला, "हजर झाल्यावर कळंल तुमाला." आणि परत खाली वाकला.

धमकीच की ही! येताना गाडीत नुसता जळत होतो.

११ फेब्रुवारी

बयाण पक्कं केलं. रामप्रसाद पहिल्यापासून कामात ढिला, असंही घातलं. शिवांजलीनं वाचायला मागितलं. दिलं नाही.

१३ फेब्रुवारी

वीरेशचा फोन. रामप्रसाद सुट्टी अर्धवट सोडून परवाच निघाला होता, आज हजर झाला. लेखी दिलं — क्लिपा मीच लावल्या नाहीत, हवालदारांनी विचारल्यावर झालं म्हणून खोटं सांगितलं, त्यांचा दोष नाही. वीरेश म्हणाला, "सुटलास बे तू."

थोड्या वेळानं सुंदरबाईचा फोन. रडत होती. पोरगं जाताना तिला म्हणालं होतं, "मला उस्तादानं उभं केलंय, आये. त्येच्यावर बोट न्हाई दाखवायचं मी." नोकरी जाईल का त्याची, म्हणून विचारत होती.

शिवांजलीला बोलावलं, समोर बसवलं. सगळं सांगितलं. या वहीत लिहिलं तसं नाही — झालं तसं. ती उठून माझी बॅग भरायला लागली.

१४ फेब्रुवारी

बीड स्टँड. साहेबांना फोन करून सांगितलं — रामप्रसादचं बयाण खोटं हाय, परवा येऊन खरं लिहून देतो.

तो 'हाव' म्हणाला नव्हता. "चार क्लिपा कमी पडल्यात, उस्ताद, थांबू," असं म्हणाला होता. मी म्हणालो, ढकला.