न्यूझीलंडला मनू कुठून आणू?

फणसवाडी, गिरगाव
बुधवार, ६ ऑगस्ट

तीर्थस्वरूप तात्यांच्या चरणी रमाकांतचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझ्यापुरतं ते खरं धरू नका. तुमची तब्येत कशी आहे? हे मी नेहमीसारखं वरवर विचारत नाही, नीट सविस्तर कळवा. पाडव्याला तुम्हाला चक्कर आली होती, ती पुन्हा आली का? रक्तदाब किती असतो, वरचा आणि खालचा दोन्ही? पायावर सूज? भूक मंदावली आहे का? गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर म्हणालात की चौऱ्याहत्तराव्या वर्षी कलमांना स्वतःच्या हातांनी खत घातलं. ऐकून कालिंदीला फार आनंद झाला. मलाही व्हायला हवा होता. तो का झाला नाही, हे पत्राच्या शेवटी येईल.

पत्र एवढ्यासाठी, की आमच्या घरात फोन कानाला लावायची पद्धत राहिलेली नाही. देवरुखचा फोन आला की कालिंदी तो स्पीकरवर टाकून पोळपाटाशेजारी ठेवते आणि सगळं घर तुमच्याशी बोलतं. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर मी एकट्याला पाठवायला गेलेला मजकूर हमखास नातेवाइकांच्या गटात जातो (माझ्या मूळव्याधीची बातमी बेचाळीस जणांना कशी कळली ते तुम्हाला आठवत असेल). तेव्हा पोस्ट हा एकच खात्रीचा मार्ग उरला.

गोष्ट अशी, की येत्या १४ नोव्हेंबरला आम्ही चौघं, म्हणजे मी, तुमची बहीण, ध्रुव आणि सूनबाई सलोनी, न्यूझीलंडला निघालो आहोत. चारचौघं परदेशी जातात ती यात्रा कंपनीबरोबर. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, पुढे एक माणूस झेंडा घेऊन चालतो आणि मागून आपण. मला हे मनापासून पसंत आहे. पण आमच्या चिरंजीवांना झेंड्याचा तिटकारा. त्याने भाड्याची गाडी ठरवली आहे, आणि तीही साधीसुधी नाही. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं असलेली. चौदा दिवस तिच्यातच राहायचं, तिच्यातच रांधायचं आणि दोन हजार किलोमीटर हिंडायचं. (जन्मभर दहा बाय बाराच्या खोलीत दाटीवाटीने झोपलो, आता विमानाने जाऊन पुन्हा तेच करायचं, फक्त खोली हलती.) आता ही हलती खोली हलवायची कोणी? ध्रुवला गाडी येत नाही, सलोनीला येत नाही. जिथे सायकल टेकवायला भिंत मिळत नाही तिथे गाडी शिकून करतात काय? दोघं एका सुरात म्हणाली, "बाबा आहेत की!"

मी कालिंदीकडे पाहिलं. ती हसत होती. तात्या, लग्न झाल्यावर आम्ही दोघं महाबळेश्वरला जाणार होतो, ते माझ्या वडिलांच्या आजारपणात राहिलं आणि मग राहिलंच. तिची शाळेतली नोकरी, घर, सासूसासरे, ध्रुवच्या परीक्षा. तिने कधी तोंडातून ब्र काढला नाही. ते हसू बघितल्यावर 'मला गाडी येत नाही' हे चार साधे शब्द माझ्या घशात अडकले ते आजतागायत तिथेच आहेत.

होय. मला गाडी येत नाही. वाचून तुम्ही आरामखुर्चीत उठून बसला असाल, पण आधी ऐकून घ्या, कारण या पापाचे साक्षीदार तुम्हीच आहात. अडतीस वर्षांपूर्वी थोरला भाऊ या नात्याने तुम्ही एकटे मुलगा बघायला आला होतात. विम्याच्या कचेरीतला कारकून, खोली ही एवढी, आणि केस तेव्हाच मागे हटलेले. तुमच्या चेहऱ्यावर निराशा दिसायला लागली तशी मी खिशातून लायसन्सची पुस्तिका काढून तुमच्या हातात दिली. तुम्ही ती उलटसुलट करून पाहिलीत आणि म्हणालात, "म्हणजे गाडी येते." मी 'नाही' म्हटलं नाही. एवढाच माझा गुन्हा.

लायसन्स खरं आहे, शंका नसावी. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या त्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक होते. पायांचं सगळं खातं मास्तरांकडे, माझ्याकडे फक्त स्टिअरिंगचं चाक. पास झालो आणि त्यानंतर आजवर गाडीला हात लावलेला नाही. मात्र लायसन्सचं नूतनीकरण एकदाही चुकवलं नाही. बँकेत, पोस्टात, मतदानाला ओळख पटवायला त्यासारखा कागद नाही. लोक देव्हाऱ्यात टाक ठेवतात तसं मी ते जपलं.

तुम्ही म्हणाल, आणि वाडीच्या गणपतीची ट्रॉली? ती तर रमाकांत चालवायचा! चालवायचो, तात्या. बत्तीस वर्षं चालवली. पण ती ट्रॉली म्हणजे जुन्या लॉरीचा सांगाडा होता, इंजिन काढून टाकलेला. पुढे दोन दोरखंड, दोरखंडाला शंभर माणसं, आणि मी आपला चाकावर. ब्रेकही नव्हता. ब्रेक म्हणजे आमचा मनू. तो लाकडाचा ठोकळा घेऊन चाकाशेजारून चालायचा, मी "मनू!" म्हणून ओरडलो की तो ठोकळा चाकाखाली सारायचा आणि गाडी उभी. फणसवाडी ते चौपाटी हे दीड किलोमीटर आम्ही नऊ तासांत काटायचो, आणि कुठेही ओरखडा नाही. सहा वर्षांपूर्वी मंडळाने ट्रॅक्टर आणला तेव्हा माझा नारळ देऊन सत्कार झाला, 'कुशल चालक' म्हणून. कालिंदी पहिल्या रांगेत होती. अडतीस वर्षं ती वाडीभर सांगत आली आहे, आमच्या यांच्याकडे लायसन्स आहे. आता सांगा, न्यूझीलंडला मनू कुठून आणू?

सुटायचे सगळे मार्ग मी धुंडाळले. म्हटलं, परदेशात लोक रस्त्याच्या उजवीकडून चालवतात, या वयात मला जमायचं नाही. ध्रुव म्हणाला, न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून. म्हटलं, गिअर बदलताना खांदा धरतो. सलोनी म्हणाली, गिअर आपोआप बदलतात. म्हटलं, माझं वय सहासष्ट. ध्रुव म्हणाला, गाडीच्या कंपनीला पंचाहत्तरपर्यंत चालतं, उलट अडतीस वर्षांचं लायसन्स बघून त्यांना आनंदच होईल. आंतरराष्ट्रीय परवान्याच्या वेळी तरी कोणी गाडी चालवून दाखवा म्हणेल, या आशेवर आरटीओत गेलो. तिथे फक्त कागद बघतात, आणि कागदांच्या बाबतीत मी जन्माचा पक्का. शेवटी सलोनीने गाडीच्या कंपनीची म्हणून एक प्रश्नोत्तरांची चाचणी पुढे केली. ठरवून नापास व्हायला बसलो. पण रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या तर काय कराल, याचं धडधडीत चुकीचं उत्तर लिहायला हात धजेना. छत्तीस वर्षं खात्याच्या परीक्षा दिलेला हात आहे तो! शंभर टक्के पडले. सलोनीने प्रमाणपत्र छापून फ्रिजवर लावलं आहे. पाणी प्यायला गेलो की ते दिसतं आणि तहान जाते.

मग म्हटलं, शिकून घेऊ. कचेरीतला माझा जुना सोबती जगदीश काळाचौकीला राहतो, त्याच्याकडे आपोआप गिअरवाली गाडी आहे. गेल्या रविवारी सकाळी, भाजी आणतो असं सांगून, तिकडे गेलो. जगदीश शेजारी बसला. त्याने सांगितलं, "काही नाही रे, पाय उचल, गाडी जाते." पाय उचलला. गाडी गेली. ती जातेच आहे हे लक्षात आल्यावर मी काय करावं? मी "मनू!" म्हणून ओरडलो. बत्तीस वर्षांची सवय, तात्या, जीभ पायाच्या आधी धावली. गाडी तिथल्या गणपतीच्या मांडवासाठी रचून ठेवलेल्या बांबूंत शिरली आणि वाळूच्या ढिगात रुतून बसली. कोणाला खरचटलंही नाही, बांबूसुद्धा शाबूत, पण जगदीश तेव्हापासून माझ्याशी फक्त मानेने बोलतो. मंडळाची आठ-दहा पोरं धावत आली. त्यांनी मागे दोरखंड बांधला, मी खिडकीतून डोकं काढलं आणि नकळत तोंडातून गेलं, "खेचा रे!" आणि खरं सांगतो, इंजिन बंद, पोरं ओढताहेत, त्या वीस पावलांत मी चाक असं काही सांभाळलं की एक पोरगा म्हणाला, "काका, एक नंबर!" भाजी न घेताच घरी आलो आणि मोरीत तोंड धुता धुता रडलो.

इकडे कालिंदीचा उत्साह बघवत नाही. थालीपिठाची भाजणी दळून झाली, मेतकूट झालं. दुपारभर मोबाइलवर त्या देशातले रस्ते बघत बसते. टॅक्सीत बसली की उजवा पाय सारखा खाली दाबते. गुडघा दुखतो वाटतं, पण मला काळजी नको म्हणून बोलत नाही. गेली दोन वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी हिंदमाताला साड्या बघायला जाते ते अजून चालूच आहे, आणि आजवर आणलंय काय, तर तीन ब्लाउजपीस. (बायकांना एक साडी निवडायला दोन वर्षं लागतात हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.) माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी आहे. मरणाची भीती नाही हो. भीती एवढीच, की परक्या देशात, गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या काउंटरवर, किल्ली हातात घेऊन मी तिच्यासमोर उघडा पडणार. तिने माझ्यात दुसरं काही मोठंसं पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तेवढं एक लायसन्स होतं.

असो. घरातल्या मंडळींना यथायोग्य. घरात डिंक नाही, पाकीट भाताच्या शितांनी चिकटवतो आहे. कालिंदीच पोस्टात टाकील. दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय तिला नाही.

आपला अभागी मेहुणा,
रमाकांत

ता. क. – कालिंदी हा प्रवास जगात फक्त एका माणसासाठी रद्द करील, आणि ते म्हणजे तुम्ही. तेव्हा हात जोडून विनंती, की दहा नोव्हेंबरच्या सुमारास तुम्ही आजारी पडावं. जिवावरचं काही नको. अंथरुणावर पडून 'कालिंदीला बघायचं आहे' एवढं दोनदा म्हणालात तरी पुरे. चौदा तारीख टळली की खुशाल उठा.

ता. क. २ – पाठीत उसण भरली, हे चालणार नाही. ती तेल पाठवून मोकळी होईल.

ता. क. ३ – आतापासूनच फोनवर थोडं खोकायला सुरुवात करावी. पत्र वाचून झाल्यावर चुलीत घालणे.

तात्या, हे पुढचं मी लिहितेय, कालिंदी. पिन कोड यांच्या कधी लक्षात राहत नाही, तो घालायला पाकीट हातात घेतलं तर शितं ओलीच होती, आपोआप उघडलं. मग वाचलं.

मला हे सगळं लग्नानंतरच्या पहिल्या विसर्जनापासून ठाऊक आहे. ओवाळायला पुढे गेले होते, तर ट्रॉलीच्या बॉनेटखाली इंजिनाच्या जागी प्रसादाचे खोके रचलेले. पण माणूस घामाने निथळत, एवढ्या आनंदाने चाक धरून बसला होता की बोलवेना. आणि मी खोटं कधी बोलले नाही. वाडीत कोणालाही विचार, 'यांना गाडी येते' असं मी कधी म्हटलेलं नाही. 'यांच्याकडे लायसन्स आहे' एवढंच म्हणत आले.

हिंदमाताला साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, मोटर ट्रेनिंग स्कूल आहे. दोन वर्षांपूर्वी नाव घातलं, साठाव्या वर्षी. पोरांच्या वयाची माणसं हसली, हसू दे म्हटलं. लायसन्स मिळून दीड वर्ष झालं. हात जाऊ नये म्हणून अजून जाते. आंतरराष्ट्रीय परवानाही काढला. ध्रुव-सलोनीला माहीत आहे. गाडीच्या बुकिंगवर चालक म्हणून माझं नाव आहे, यांचं कुठेही नाही.

बत्तीस वर्षं हे गणपतीकडे पाठ करून बसले, तात्या. सगळ्या गिरगावाने मिरवणूक पाहिली, यांनी पुढचा रस्ता पाहिला. आणि इथे लिहितात, माझ्यात तिने दुसरं काय पाहिलं असेल! वाचून डोळ्यांत पाणी आलं, रागही आला. आता एकदा तरी यांनी माझ्या शेजारी खिडकीशी बसून नुसतं बाहेर बघत जावं, एवढ्यासाठी मी क्लच शिकले.

यातलं एक अक्षरही यांना कळू देऊ नकोस. काउंटरवर हे थरथरत पुढे होतील तेव्हाच मी पर्स उघडीन. तोवर तीन महिने घाम फुटू दे; अडतीस वर्षांच्या मानाने ते काही फार नाही. येत्या रविवारी यांच्यासमोर तुला फोन लावते, स्पीकरवर. खोकलास तर याद राख. खणखणीत आवाजात सांग, की आज पुन्हा कलमांना खत घातलं.